होकायंत्र चुकतं तेव्हा ध्रुवाला दोष देऊ नका

प्रश्न असा आहे: सह्याद्रीत ट्रेकला वापरायचं सुईचं होकायंत्र आणि मोबाईलमधलं होकायंत्र यांच्यात दहा-पंधरा अंशांचा फरक येतो. घरात तर मोबाईल प्रत्येक खोलीत वेगळी उत्तर दिशा दाखवतो. पृथ्वीचा चुंबकीय ध्रुव सरकतोय, त्याचा हा परिणाम आहे का? आणि ध्रुवांची अदलाबदल होणार म्हणतात, तेव्हा काय होईल?

पहिल्या भागाचं उत्तर 'नाही' असं आहे. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यातला फरक एका अंशापेक्षाही कमी आहे, आणि ध्रुव सरकल्यामुळे तो वर्षाला फक्त काही मिनिटांनी बदलतो. (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग.) दहा अंशांची चूक दिसत असेल तर तिचं कारण हाताच्या अंतरावरच्या लोखंडात असतं, यंत्रात असतं किंवा पायाखालच्या काळ्या दगडात असतं.

आधी एक गैरसमज दूर करू. होकायंत्राची सुई ध्रुवाकडे बोट दाखवत नाही. ती उभी आहे त्या जागेवरच्या चुंबकीय क्षेत्राच्या आडव्या घटकाच्या दिशेत उभी राहते, एवढंच. पृथ्वीच्या क्षेत्राचं गणिती चित्र मांडणाऱ्या वर्ल्ड मॅग्नेटिक मॉडेलच्या २०२५ च्या आवृत्तीनुसार उत्तरेकडचा चुंबकीय ध्रुव, म्हणजे जिथे सुई सरळ खाली बघते ती जागा, ८५.८ अंश उत्तर अक्षांश आणि १३९ अंश पूर्व रेखांशाजवळ आर्क्टिक समुद्रात आहे. मुंबईतून त्या बिंदूकडे पृथ्वीच्या गोलावरून सर्वात जवळची रेघ काढली तर ती खऱ्या उत्तरेच्या सुमारे ४ अंश पूर्वेला जाते. मुंबईतली सुई मात्र खऱ्या उत्तरेपासून एका अंशाच्या आतच असते. पृथ्वीचं क्षेत्र एका सरळ पट्टीचुंबकासारखं नीटनेटकं नसल्यामुळे असं होतं. दक्षिणेकडचा ध्रुव तर अंटार्क्टिकाच्या भूमीवरही नाही, किनाऱ्याबाहेर समुद्रात ६४ अंश दक्षिण अक्षांशाजवळ आहे. दोन्ही ध्रुव एकमेकांच्या अगदी समोरासमोरही नाहीत. म्हणून 'ध्रुव इतके किलोमीटर सरकला, म्हणजे माझी सुई तितकी हलली' हे गणित चालत नाही.

खऱ्या उत्तरेपासून सुई जितकी वळते त्या कोनाला दिक्पात म्हणतात, इंग्रजीत डिक्लिनेशन. सुई आडव्या पातळीपासून खाली जितकी झुकते तो नतिकोन, म्हणजे डिप. अलिबाग-मुंबई भागात नतिकोन साधारण २६ अंश आहे. क्षेत्राची एकूण तीव्रता सुमारे ४३ मायक्रोटेस्ला (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक), त्यातला आडवा घटक सुमारे ३८. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढची सगळी तपासणी यांवरच आहे.

आडवा घटक ३८ मायक्रोटेस्ला असणं ही आपल्यासाठी चांगली गोष्ट आहे. सुईला उत्तरेकडे वळवणारं बल तेच. लंडनला तो १९-२० मायक्रोटेस्लाच आहे, म्हणजे तेच लोखंड तिथे दुप्पट चूक घडवेल. आपल्याकडे सुईला काटकोनात असलेल्या दिशेनं एक अंश चूक व्हायला साधारण ०.६६ मायक्रोटेस्लाचा बाहेरचा हस्तक्षेप लागतो आणि ५ मायक्रोटेस्लाला साडेसात अंश. मोबाईलच्या स्पीकरमधलं चुंबक दहा सेंटिमीटरवरून एवढं सहज करू शकतं. एक अंशाची चूक एका किलोमीटरला साडेसतरा मीटर बाजूला नेते, दहा अंशांची पाऊणदोनशे मीटर. कड्याच्या कडेनं धुक्यात चालताना हा फरक जिवावरचा असतो, म्हणून तपासणीत कंटाळा करू नये.

मोबाईलपासून सुरुवात करा. त्याच्यात तीन अक्षांवर चुंबकीय क्षेत्र मोजणारा बारीक सेन्सर असतो. फायफॉक्ससारखं मोफत ॲप त्याचे आकडे मायक्रोटेस्लात दाखवतं. फोनचं कव्हर काढा. फ्लिप कव्हरचं चुंबकी बटण, मागे चिकटणारी चुंबकी रिंग, गाडीत फोन लावायची धातूची चकती, हे तीन नेहमीचे गुन्हेगार. मग मोकळ्या मैदानात, इमारत आणि गाडीपासून दूर, फोन एकाच जागी धरून सगळ्या बाजूंनी फिरवा: सपाट, उभा, उलटा, आडवा. एकूण तीव्रतेचा आकडा ४३ च्या आसपास राहिला पाहिजे. महाराष्ट्रात कुठेही तो साधारण ४२ ते ४६ च्या दरम्यान असतो, दक्षिण कोकणात कमी आणि विदर्भाच्या उत्तर टोकाला जास्त.

इथे निदान फार सोपं होतं. जागा तीच, फोन फिरवल्यावर आकडा ३५ वरून ५५ वर जातो, तर दोष फोनमध्ये आहे. त्याच्या आतल्या लोखंडाचं चुंबकत्व सेन्सरच्या हिशेबातून वजा झालेलं नाही. फोन हवेत इंग्रजी आठसारखा, मनगट वळवत, दहा-पंधरा वेळा फिरवायचा तो यासाठीच. सेन्सरला सगळ्या दिशांचे आकडे मिळाले की सॉफ्टवेअर त्यांचा गोल बसवतं आणि त्या गोलाचा मध्य सरकलेला असेल तर तेवढं वजा करतं. फोन सपाट ठेवून नुसता गोल फिरवला तर उभ्या अक्षाचे आकडे मिळत नाहीत आणि कॅलिब्रेशन अर्धवट राहतं. याउलट, एका जागी फोन कसाही फिरवला तरी आकडा स्थिर, पण दोन पावलं सरकल्यावर वेगळा, तर फोन ठीक आहे आणि दोष आजूबाजूला आहे. एक सावधगिरी: आकडा ४३ आला म्हणून दिशा बरोबरच, असं नाही. तीव्रता तीच राहून दिशा वळू शकते. आकडा चुकला तर दिशेवर विश्वास ठेवू नका, बरोबर आला तरी आणखी एकदा पडताळा.

घरातल्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. आरसीसी इमारतीत स्लॅब, बीम, कॉलम सगळीकडे लोखंडी सळ्या असतात. त्यांच्यात पृथ्वीच्या क्षेत्रामुळे चुंबकत्व येतं, शिवाय लोखंडी दार, ग्रिल, फ्रीज, इन्व्हर्टर, गाद्यांच्या स्प्रिंगा. अशा खोलीत कुठलंही होकायंत्र, साधं असो वा महागडं, दिशा ठरवायला नालायक असतं. देवघराची किंवा दाराची दिशा ठरवायला कुणी फ्लॅटच्या मध्यात होकायंत्र ठेवून अंशांची भाषा करत असेल तर ती मोजणी धरू नका. उपग्रहाच्या नकाशावर तुमच्या इमारतीची भिंत दिसते आणि तो नकाशा खऱ्या उत्तरेला धरून काढलेला असतो. भिंतीचा कोन त्यावरून मोजा, अंशाच्या आत उत्तर मिळतं.

नकाशाही नको असेल तर शंकूची, म्हणजे उभ्या काठीच्या सावलीची, पद्धत वापरा. कात्यायन शुल्बसूत्रात वेदी मांडण्यासाठी सांगितलेली ही पद्धत आजही तितकीच पक्की आहे, कारण तिचा चुंबकाशी काही संबंध नाही. सपाट, लेव्हल केलेल्या जमिनीवर एक मीटरची सरळ काठी ओळंब्यानं उभी करा. सकाळी दहाच्या सुमारास सावलीच्या टोकापर्यंतची लांबी त्रिज्या धरून काठीभोवती वर्तुळ काढा आणि टोकाला खूण करा. सावली आत सरकेल, दुपारनंतर पुन्हा लांबत वर्तुळाला दुसऱ्या बाजूला टेकेल. तिथे दुसरी खूण. दोन खुणा जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम, तिला काटकोनात उत्तर-दक्षिण. मुंबईत मध्यान्ह घड्याळाच्या बाराला होत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, मुंबई ७२.९ वर, त्यामुळे मध्यान्ह सरासरी १२ वाजून ३८ मिनिटांना येते आणि वर्षभरात पंधरा-सोळा मिनिटं मागेपुढे होते. म्हणजे सकाळची खूण दहाला केली तर दुसरी सव्वातीनच्या आसपास येईल. 'दुपारी बाराची सावली उत्तरेला' हा ठोकताळा इथे दोनदा फसतो: एकदा या वेळेमुळे, आणि दुसऱ्यांदा मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मुंबईत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, सावली दक्षिणेला पडते. वर्तुळाची पद्धत तेव्हाही बरोबर उत्तर देते. काठीचं टोक धूसर सावली पाडतं, म्हणून अर्ध्या अंशाची चूक धरून चाला.

आता सुईचं होकायंत्र. त्याच्यापासून लोखंड किती दूर हवं, याचे लष्करी मार्गदर्शिकांमधले जुने आकडे अजूनही उपयोगी आहेत: उच्चदाबाच्या विजेच्या तारांपासून ५५ मीटर, ट्रकपासून १८ मीटर, काटेरी तारांच्या कुंपणापासून १० मीटर, रायफल किंवा लोखंडी शिरस्त्राणापासून अर्धा मीटर. आपल्या गडांवर यात तोफा, रेलिंग आणि लोखंडी शिड्या धरा. होकायंत्र आणि मोबाईल एका खिशात कधीही ठेवू नका. मोबाईलच्या चुंबकानं सुईचं चुंबकत्व उलटं होऊ शकतं, मग लाल टोक अचूकपणे दक्षिण दाखवायला लागतं. हे धोकादायक आहे, कारण सुई अडखळत नाही, डळमळत नाही, अगदी आत्मविश्वासानं उलट सांगते. प्रत्येक ट्रेकच्या सुरुवातीला उगवत्या सूर्याशी एकदा ताडून बघा. लाल टोक दाखवतं त्या दिशेला तोंड केलं की सूर्य उजव्या हाताला आला पाहिजे. उलटी झालेली सुई दुरुस्त करायची तर जोरदार पट्टीचुंबकाचा दक्षिण ध्रुव सुईच्या पांढऱ्या टोकापासून लाल टोकाकडे फिरवत न्यायचा आणि टोकावरून उचलायचा. डबीतली सुई चुंबकामागे फिरते म्हणून डबी तिरकी धरून तिला अडकवून ठेवावं लागतं. जमलं नाही तर नवं घ्या, इथे काटकसर नको.

परदेशातून आणलेल्या होकायंत्राची एक अडचण लोकांना कळत नाही. उत्तर युरोपात नतिकोन ७० अंशांच्या आसपास असतो, उत्तर टोक जोरात खाली ओढलं जातं, म्हणून तिथल्या सुईच्या दक्षिण टोकाला थोडं वजन दिलेलं असतं. ती सुई महाराष्ट्रात आणली की तेच वजन जास्त होतं, दक्षिण टोक खाली बसतं, काचेला किंवा तळाला घासतं आणि सुई हवी तिथे न थांबता अडकते. घेताना आपल्या विभागासाठी समतोल केलेलं किंवा जगभर चालणारं असं लिहिलेलं बघून घ्या. दुकानातच सपाट धरून सुई मोकळी फिरते का ते पाहा.

सह्याद्रीचा दगड हा यातला सर्वात रंजक आणि सर्वात दुर्लक्षित भाग. दख्खनचा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे आणि त्यात टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटचे बारीक कण विखुरलेले असतात. शुद्ध मॅग्नेटाइट ५८० अंश सेल्सिअसच्या खाली आलं की त्या वेळच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा स्वतःत साठवून ठेवतं. टायटॅनियम जास्त असेल तर हे तापमान खाली येतं. साध्या बेसॉल्टवर उभं राहून चूक सहसा थोडी असते. खरी गडबड उघड्या माथ्यांवर होते, जिथे वीज पडलेली असते. ३०,००० अँपिअरची वीज खडकात शिरली तर एक मीटरवर सुमारे ६ मिलिटेस्ला क्षेत्र निर्माण होतं, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या जवळजवळ १४० पट. क्षणभरच, पण आजूबाजूचा काही मीटरचा दगड तेवढ्यात पक्का चुंबक बनतो. अशा जागी खडकावर टेकवलेली सुई वीस-तीस अंशांनीही वळू शकते, आणि दोन पावलांवर वेगळ्याच बाजूला. खडकांचं प्राचीन चुंबकत्व अभ्यासणारे भूशास्त्रज्ञ बेसॉल्टवर नमुन्यांची दिशा सूर्याच्या सावलीवरून घेतात, ते याच कारणासाठी.

म्हणून गडाच्या माथ्यावर होकायंत्र खडकावर ठेवून वाचू नका. छातीच्या उंचीवर धरून वाचा, मग वाकून जमिनीजवळ वाचा. दोन आकड्यांत दोन-तीन अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर दहा-पंधरा मीटर दूर जाऊन पुन्हा वाचा. खडकाचं क्षेत्र अंतराबरोबर झपाट्यानं कमी होतं, पृथ्वीचं होत नाही.

सर्व्हेइंग शिकणाऱ्यांना हीच तपासणी फोर बेअरिंग आणि बॅक बेअरिंग या नावानं माहीत असते. (बेअरिंग म्हणजे उत्तरेपासून मोजलेला दिशेचा कोन; एकच रेघ जाताना मोजली की फोर, उलट टोकावरून मोजली की बॅक.) अ वरून ब चं बेअरिंग ६२ अंश ३० मिनिटं आणि ब वरून अ चं २४५ अंश आलं, तर फरक १८२ अंश ३० मिनिटं. तो १८० असायला हवा होता, म्हणजे दोनपैकी एका जागी स्थानिक आकर्षण, म्हणजे जवळच्या लोखंडाची किंवा दगडाची ओढ, आहे. अ वरून तिसऱ्या ठिकाणी घेतलेली रेघ बरोबर जुळते, तर अ निर्दोष आणि ब वरचा प्रत्येक आकडा अडीच अंशांनी जास्त. ब वरून घेतलेल्या सगळ्या बेअरिंगमधून अडीच अंश वजा करायचे. ब वरचं एकच बेअरिंग दुरुस्त करून पुढे जाणं ही विद्यार्थ्यांची सर्रास चूक. आकर्षण जागेचं असतं, रेघेचं नसतं.

दिक्पाताची दुरुस्ती महाराष्ट्रात ट्रेकसाठी सोडून दिली तरी चालते. शाळेच्या पुस्तकातला मुंबईचा '० अंश ५८ मिनिटं पश्चिम' हा आकडा मात्र जुना आहे, आजचा म्हणून वापरू नका. वर्ल्ड मॅग्नेटिक मॉडेलवर चालणारं मोफत गणकयंत्र इंटरनेटवर आहे. अक्षांश, रेखांश आणि तारीख दिली की आजचा आकडा मिळतो. ही दुरुस्ती खरी लागते ती परदेशात. न्यू जर्सीत दिक्पात सुमारे १२-१३ अंश पश्चिम, सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात सुमारे १३ अंश पूर्व. नकाशावर ६० अंशांची दिशा असेल तर न्यू जर्सीत सुईच्या होकायंत्रावर साधारण साडेबहात्तर लावायची, सॅन फ्रान्सिस्कोला साधारण ४७. पश्चिम असेल तर मिळवा, पूर्व असेल तर वजा करा. सुईवरून नकाशाकडे येताना उलटं. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कंपासखाली 'यूज ट्रू नॉर्थ' चालू असेल तर फोन ही दुरुस्ती स्वतः करतो, पण त्यासाठी लोकेशन चालू लागतं. एकाच गटात एकाचं चालू आणि दुसऱ्याचं बंद असेल तर तिथे बारा-तेरा अंशांचं भांडण होणारच.

ध्रुव सरकतो, हे मात्र अगदी खरं. जेम्स क्लार्क रॉस यांनी १८३१ मध्ये कॅनडाच्या उत्तरेला बूथिया द्वीपकल्पावर, ७० अंश उत्तर अक्षांशाजवळ, तो प्रथम गाठला. तिथून आजपर्यंत तो सुमारे अडीच हजार किलोमीटर सायबेरियाच्या बाजूला आला आहे. विसाव्या शतकाच्या बऱ्याच काळात वेग वर्षाला दहा-पंधरा किलोमीटर होता, शतकाच्या शेवटी तो ५० च्या वर गेला, आता पुन्हा मंदावला आहे. वेग इतका अनपेक्षित वाढला की दर पाच वर्षांनी बदलणारं वर्ल्ड मॅग्नेटिक मॉडेल फेब्रुवारी २०१९ मध्ये मुदतीआधीच सुधारावं लागलं. कारण सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर आहे. तिथून ५,१५० किलोमीटरपर्यंत द्रव लोखंड आहे, ते उष्णतेमुळे घुसळतं, पृथ्वीच्या फिरण्यानं पिळलं जातं आणि त्यातल्या विद्युतप्रवाहांतून क्षेत्र निर्माण होतं. गाभा इतका तापलेला आहे की तिथे कायमचं चुंबक टिकूच शकत नाही. क्षेत्र सतत नव्यानं तयार होत असतं, म्हणून बदलतही असतं. विमानतळांच्या धावपट्ट्यांचे क्रमांक चुंबकीय दिशेवरून असतात, त्यामुळे अमेरिकेतल्या टॅम्पा विमानतळाला २०११ मध्ये क्रमांक बदलावे लागले.

हे बदल मोजायला किती स्वच्छ जागा लागते, त्याचं उत्तम उदाहरण आपल्याजवळच आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून भूचुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. १८५९ च्या प्रचंड सौर वादळात तिथे आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लानं (हजार नॅनोटेस्ला म्हणजे एक मायक्रोटेस्ला) खाली गेल्याची नोंद आहे, आजही जगभर ती अभ्यासली जाते. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरलं. रुळांतून परतणाऱ्या प्रवाहानं नोंदी बिघडल्या असत्या, म्हणून तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागला १९०४ मध्ये नवी वेधशाळा उभी केली. इमारतीत चुंबकत्व नसलेला, तपासून घेतलेला दगड वापरला आणि १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी आणि नवी मालिका अखंड जोडता आली. ही दोन वर्षांची जोडणी नसती तर त्याआधीच्या साठ-पासष्ट वर्षांच्या नोंदी आजच्या आकड्यांशी ताडता आल्या नसत्या. आज हे काम भारतीय भूचुंबकत्व संस्था सांभाळते.

सौर वादळानं ट्रेकच्या होकायंत्राला मात्र काही होत नाही. मे २०२४ च्या मोठ्या वादळाची तीव्रता ४०० नॅनोटेस्लाच्या आसपास होती, लडाखमधून आकाशात तांबूस प्रकाश दिसला. पण आपल्या ३८,००० नॅनोटेस्लापुढे ४०० म्हणजे जेमतेम एक टक्का, सुई एका अंशाच्या वर हलणार नाही.

राहिला अदलाबदलीचा प्रश्न. शेवटची पूर्ण अदलाबदल सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी झाली. १८४० पासून क्षेत्राची मुख्य तीव्रता नऊ-दहा टक्क्यांनी घटली आहे हे खरं, पण असे चढउतार अदलाबदल न होताही होत आले आहेत, त्यावरून तारीख काढता येत नाही. अदलाबदल एका रात्रीत होत नाही, तिला हजारो वर्षं लागतात. त्या काळात क्षेत्र शून्य होत नाही. कमकुवत होतं, विस्कळीत होतं, अनेक ठिकाणी ध्रुव दिसू शकतात. उपग्रहांना आणि वीजवहनाच्या जाळ्यांना सौर कणांचा त्रास वाढेल. अदलाबदलीचा पुरावा पाहायला महाबळेश्वरचा घाट पुरे. तिथे खालच्या लाव्ह्याच्या थरांतलं चुंबकत्व आजच्या उलट दिशेचं आहे आणि वरच्या थरांतलं आजच्यासारखं. तो लाव्हा थरावर थर साचत असतानाच पृथ्वीचे ध्रुव उलटले होते, आणि घाट चढणारी गाडी ती सीमा ओलांडूनच वर जाते.